हेफेले दांपत्याच्या दोन केबिन

"मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं म्हणून एबरहार्ड हेफेलेने जहाज कंपनीचं एकशे बारा पानी पुस्तक जेवणाच्या टेबलावर आपटलं, आणि खिशातून भिंग काढलं.

भिंग काढलं की त्याची बायको रोसविता टेबलावरची भांडी मुकाट्याने आवरायला घ्यायची. रॉयटलिंगनच्या पाणीपुरवठा खात्यात अठ्ठावीस वर्षं बिलं तपासून तपासून एबरहार्डचं एक मत पक्कं झालं होतं. मोठ्या अक्षरांत लिहितात ते गिऱ्हाइकाला भुलवायला, खरं काय ते बारीक अक्षरांत असतं. त्यामुळे कुठलंही पुस्तक तो शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचा, आणि पहिल्या पानापर्यंत क्वचितच पोचायचा.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. लग्नानंतर तो रोसविताला बोडन तळ्याकाठी तंबूत घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी तंबूत पाणी शिरलं. ती उशी पिळत बसली होती, आणि हा अर्धा दिवस अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी तंबूंच्या छावणीच्या मॅनेजरशी भांडत होता. त्या दिवशी शरमून त्याने शब्द दिला होता, की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुला जहाजावर नेईन, आपली स्वतःची बाल्कनी असेल, आणि त्या सकाळी आपण दोघंच तिथे बसून कॉफी पिऊ. रोसविता त्या शब्दाबद्दल पंचवीस वर्षांत एकदाही बोलली नाही, आणि एबरहार्डला नेमकी त्याचीच धास्ती होती.

"एक्केचाळिसाव्या पानावर तक्ता आहे," तो भिंगातून म्हणाला. "चार जणांची कुटुंब-केबिन घेतली तर तिसरा आणि चौथा माणूस फुकट."

"आपण दोघंच आहोत."

"तेच तर. कंपनी त्यावरच कमावते."

पुढच्या रविवारी सासुरवाडीला केक खाता खाता त्याने सासूसासऱ्यांना आमंत्रण देऊन टाकलं. सासूबाईंचे, हानेलोरेबाईंचे, डोळे भरून आले. जावई एवढा दिलदार निघेल असं त्यांना पंचवीस वर्षांत वाटलं नव्हतं. सोमवारी त्यांनी नवा रेनकोटसुद्धा घेतला. मंगळवारी एबरहार्डने कंपनीला फोन लावला.

"कुटुंब-केबिन? जरूर," पलीकडची मुलगी म्हणाली. "मुलांची वयं सांगता का?"

"एक अठ्ठ्याहत्तर आणि एक शहात्तर."



"साहेब, फुकट प्रवास पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहे."

"असं कुठे लिहिलंय?"

"पहिल्या पानावर. मोठ्या अक्षरांत."

आता आमंत्रण मागे घ्यायचं तर सासूबाईंच्या अंगावरचा रेनकोट उतरवण्यासारखं होतं. एबरहार्डने दोन केबिन घेतल्या. आठव्या मजल्यावर बाल्कनीची एक, आणि चौथ्या मजल्यावर बिनखिडकीची, सगळ्यांत स्वस्त. बिनखिडकीची अर्थातच म्हाताऱ्यांना.

पण ज्या माणसाला दोन केबिनचं भाडं पडलंय तो काही स्वस्थ बसत नाही. चौऱ्याण्णवाव्या पानावर त्याला पेयांचं पॅकेज सापडलं. माणशी, दिवसाला एकोणचाळीस युरो, आणि मग हवं ते प्या. त्याला बिअर लागायची, सासरे गॉटहिल्फ यांना लाल वाईन. रोसविता आणि तिची आई पुदिन्याच्या चहापलीकडे कशालाही तोंड लावत नसत. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मात्र नियम होता, की केबिनमधल्या एका माणसाने पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्यालाही घ्यावंच लागेल.

म्हणजे दोन पिणाऱ्यांसाठी चार पॅकेजेस. एबरहार्ड सबंध संध्याकाळ घरात येरझारा घालत होता. साडेआठला तो एकदम थांबला, आणि बायकोला ऐकू न जाईल अशा बेताने स्वतःशीच हसला. पिणारे एका केबिनमध्ये, न पिणाऱ्या दुसरीत. फक्त कागदावर हो. जहाजावर गेलं की आपण वर जायचं आणि सासूबाईंना खाली पाठवायचं, हाकानाका. सात दिवसांचे पाचशे सेहेचाळीस युरो वाचले. पॅकेज बिनखिडकीच्या केबिनवर घेतलं तर वर दहा टक्के सूट होती, म्हणून त्याने कागदावर स्वतःला सासऱ्यांबरोबर चौथ्या मजल्यावर घातलं. वाचलेल्या पैशांतून एकोणतीस युरो उचलून त्याने 'रौप्यमहोत्सवी सजावट' अशा चौकोनातही खूण केली. बायकोला चकित करायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने न सांगता पैसे खर्च केले होते, त्यामुळे रात्री त्याला झोप जरा उशिरा लागली.

कीलच्या बंदरावर चौघं आपापल्या बॅगा घेऊन रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या मुलीने चार कार्डं काढली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचली.

"आठ हजार चौसष्ट, बाल्कनी. श्रीमती हेफेले आणि श्रीमती श्वेंक. चार हजार एकशे बारा, आतली. श्री. हेफेले आणि श्री. श्वेंक."

रोसविता वळली. "आई माझ्या खोलीत?"

"फक्त कागदावर," एबरहार्ड घाईघाईने म्हणाला, आणि नाइलाजाने त्याला ते पाचशे सेहेचाळीस युरो सगळ्यांसमोर उलगडून सांगावे लागले. सांगता सांगता त्याला परत अभिमान वाटायला लागला, ही त्याची चूक. "तेव्हा आता मी वर येतो आणि आई खाली जातात. काही अडचण नाही."

रोसविताने आपलं कार्ड उचललं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पाटी ज्याच्या दाराला, आठवडा त्याचा. हो ना रे?"

एबरहार्डचा चेहरा उतरला. हे त्याचंच वाक्य होतं. रॉयटलिंगनमधल्या त्यांच्या इमारतीत जिना झाडायची पाळी कोणाची ते सांगणारी लाकडी पाटी दर सोमवारी एका दारावरून पुढच्या दारावर जायची, आणि त्या पाटीचा कारभार गेली सोळा वर्षं एबरहार्डकडे होता. आठवड्यांची अदलाबदल त्याने कधी कोणाला करू दिली नव्हती.

"क्यूब्लरबाईंचं पोर तीन दिवसांचं होतं," रोसविता म्हणाली. "मी हात जोडले, त्यांचा आठवडा आपण घेऊ म्हणून. तू काय म्हणालास?"

"ते वेगळं होतं."

"जे लिहिलंय ते लिहिलंय, म्हणालास. मग मी तू ऑफिसला गेल्यावर चोरून त्यांचा जिना झाडला. चल गं आई, आपली केबिन वर आहे."

"बाल्कनी म्हणे," हानेलोरेबाई म्हणाल्या. त्यांनी जावयाच्या गालाला हात लावला. "इतकं कोण करतं हो सासूसाठी."

चौथ्या मजल्यावरचा दरवाजा उघडला आणि सासरेबुवा उंबऱ्यातच थांबले. आत दोन खाटा जोडून एक केली होती. पांढऱ्या पलंगपोसावर गुलाबपाकळ्यांचा बदाम काढला होता. टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते, आणि छताला चंदेरी फुग्यांचे दोन आणि पाच असे आकडे लटकत होते. सजावट मुख्य प्रवाशाच्या केबिनमध्ये करतात, हे एबरहार्डने वाचलं होतं. मुख्य प्रवासी तोच होता, आणि कागदावर तो इथेच राहत होता.

"एबरहार्ड," गॉटहिल्फ सावकाश म्हणाले, "मी भिंतीकडच्या बाजूला झोपतो."

"बाबा, मी सांगतो कसं झालं ते..."

"नको. मी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. बंद दारामागचं काही विचारायचं नसतं, एवढं शिकलोय."

संध्याकाळी जेवायला चौघं एकत्र बसली, तेव्हा एबरहार्डने थोडी उमेद धरली होती. निदान पॅकेज तरी त्याच्या बाजूचं होतं. त्याने कार्ड टेबलावर नीट दिसेल असं ठेवलं. तेवढ्यात वाढप्याने आपणहून बिअरचा एक जग आणि लाल वाईनचा एक जग आणून ठेवला.

"आम्ही अजून मागवलं नाही," एबरहार्ड म्हणाला. "आणि कार्ड हे घ्या."

"कार्ड कशाला साहेब? जेवणाबरोबरची बिअर, वाईन भाड्यातच आहे. सगळ्यांना."

एबरहार्डने आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक टेबलावर तसेच दोन जग होते.

"कुठे लिहिलंय हे?" त्याने विचारलं. 

"पहिल्या पानावर," वाढपी आणि रोसविता एकदमच म्हणाले.

"मग जावईबापू, ते पॅकेज कशाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

वाढप्याने समजावलं, की ते मधल्या वेळेसाठी असतं. सकाळी, दुपारी, डेकवर, कॉकटेल वगैरे. गॉटहिल्फ जेवणाबरोबर एक पेला वाईन घेत, चाळीस वर्षं तेवढीच घेत. एबरहार्डचा दोन बिअरनंतर डोळा लागायचा. रोसविताने ताटात मान घातली होती, पण तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून वसुली सुरू झाली. एबरहार्डने हिशेब मांडला, की दिवसाला पाच पाच कॉकटेल्स प्यायली तर आपण बुडत नाही. सकाळी दहा वाजता जावई आणि सासरे डेकवरच्या बारमध्ये शेजारी शेजारी बसले. समोर निळ्या रंगाचं, कागदी छत्री खोचलेलं काहीतरी होतं.

"हे काय आहे?" सासऱ्यांनी छत्री वर करून विचारलं.

"साडेनऊ युरो आहे. प्या."

"मला पुदिन्याचा चहा हवाय."

"चहा फुकट आहे बाबा. फुकटची वस्तू पिऊन आपण तोट्यात जातो."

गॉटहिल्फ यांनी मुकाट्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. बारवाल्याकडे सजावटीची यादी पोचलेली असावी, कारण त्याने दोघांच्या पेल्यांत आपणहून दोन चंदेरी बदाम खोचले आणि अभिनंदन केलं. ब्रेमेनच्या एक आजीबाई शेजारच्या टेबलावरून उठून आल्या. त्यांनी सासरेबुवांचा हात दोन्ही हातांत धरला.

"पंचवीस वर्षं," त्या गहिवरून म्हणाल्या. "आमच्या काळात एवढं धैर्य कोणाला नव्हतं. कसं निभावलंत हो?"

"फार सहन केलं," गॉटहिल्फ म्हणाले, आणि यात त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जहाजभर त्यांना लोक ओळखायला लागले. चौथ्या दिवशी समुद्र जरा खवळला, आणि सासऱ्यांनी निळ्या पेल्याकडे पाहून चक्क मान फिरवली. एबरहार्ड एकटाच वसुली करत राहिला, आणि जेवायच्या आधीच खुर्चीत झोपला. जाग आली तेव्हा वर, आठव्या मजल्यावरच्या कठड्याशी, सासूबाईंचा पिवळा रेनकोट आणि त्याच्या शेजारी रोसविताचा निळा स्कार्फ त्याला दिसला. दोघी कशाला तरी हसत होत्या. रोसविता तशी हसलेली त्याने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती, आणि ते हसणं त्याला डेकवरून मान वर करून बघावं लागत होतं. त्याला फार वाईट वाटलं. उद्या लग्नाचा वाढदिवस होता, आणि तिकडे जायचं कार्डही त्याच्याजवळ नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने बारमध्ये पाऊल टाकलं नाही. चौथ्या मजल्यावर आडवा होऊन तो फुग्यांच्या आकड्यांकडे बघत बसला. पाचाच्या आकड्यातली हवा गेली होती.

"मी चुकलो, बाबा," तो म्हणाला.

"कधी?" भिंतीकडून आवाज आला. "नक्की तारीख सांग. पंचवीस वर्षं आहेत."

सकाळी त्याला जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. सासरे उठून गेले होते. बाहेर पडताना त्याच्या हाताला दाराच्या मुठीला लटकवलेलं काहीतरी लागलं. 'झोपमोड करू नये' असं लिहिलेली जहाजाची पुठ्ठ्याची पाटी होती. ती उलटी टांगलेली होती, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रोसविताच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'झाडण्याचा आठवडा: हेफेले. ठिकाण: ८०६४, बाल्कनी.'

एबरहार्ड चार मजले जिन्याने धावत गेला. लिफ्टची वाट बघायलाही त्याला सुचलं नाही.

दार रोसविताने उघडलं. बाल्कनीबाहेर फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काळ्या कड्यांवरून धबधबे पडत होते, इतके जवळ की त्यांचा गारवा आत येत होता. सासूबाई कुठे दिसत नव्हत्या. बाल्कनीच्या फरशीवर मात्र मायलेकींनी खाल्लेल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पसरली होती, पाच दिवसांची. कोपऱ्यात छोटा झाडू आणि सुपली टेकवून ठेवली होती.

"रोसविता," तो धापा टाकत म्हणाला, "त्या तंबूच्या वेळी पण मी असाच वागलो होतो. तू उशी पिळत होतीस, आणि मी पैसे मोजत होतो. माझं चुकलं. क्यूब्लरबाईंच्या वेळीसुद्धा."

तिने त्याच्यामागे दार लोटलं. मग खुर्ची पुढे सरकवली. दोघं शेजारी शेजारी बसली. टेबलावर दोन कप कॉफी वाफाळत होती, बशीत चांदीच्या कागदातली चॉकलेटं होती. तिने त्याचा हात हातात घेतला. पंचवीस वर्षांपूर्वी कबूल केलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. एबरहार्डने कपाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"विचार," रोसविता म्हणाली. "नाहीतर दिवसभर पोटात दुखेल तुझ्या."

"ही कॉफी..." तो शरमून म्हणाला, "भाड्यात आहे का?"

"आहे. बाल्कनीच्या केबिनमध्ये राहणाऱ्या दोघांना. पहिल्याच पानावर आहे, मोठ्या अक्षरांत."

एबरहार्डने समाधानाने कप ओठांना लावला. अर्धा घोट घेतल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पण या केबिनमध्ये माझं नाव कुठे आहे?"

"नाहीच आहे," रोसविता म्हणाली. "हा कप आईचा. साडेआठला येतेय ती. लवकर पी, आणि मग झाडू घे."