पासपोर्टाची गूळतुला

मी एकदा सिद्धेश्वराला नवस बोलले होते, आणि बोलताना थोडी काटकसर केली होती.

माझा धाकटा भाऊ शिवशरण मोंबाशाला रेल्वेत कारकून. रजेवर सोलापूरला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पासपोर्टाची मुदत संपत आलेली. "तिकडं नवा करायचा म्हंजे दुप्पट पैसे, अक्का," तो म्हणाला. "हितंच करून नेतो की." अर्ज मुंबईला गेला. बोट आठ दिवसांवर आली तरी पासपोर्टाचा पत्ता नाही. बोट चुकली तर नोकरीवर पाणी.

मी हात जोडले. "देवा, पासपोर्ट वेळेत येऊ दे. गुळानं तुला करीन."

"भावाची?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पासपोर्टाची."

"देवाशी बी घासाघीस?"

(घासाघीस कसली? जे मागितलं, त्याचीच तुला. शिवाय शिवशरण दोन मणांचा ऐवज.)

चौथ्या दिवशी पासपोर्ट आला. तराजूत मूठभर गूळ पुरला. सकाळी देवळात न्यायचं म्हणून मी दोन्ही एकाच फडक्यात बांधून देव्हाऱ्याजवळच्या खिडकीत ठेवलं आणि निर्धास्त जेवायला बसले. दिवस चैत्राचे, खिडकी पश्चिमेची.

दिवेलागणीला शिवशरणनं फडकं सोडलं. गूळ पानापानांत मुरला होता. तो फोटोकडे बघत राहिला.

"अक्का, ह्यो मी हाय का?"

"तूच की. मिशीवरून लगेच कळतं."

"ती मिशी न्हाय. मुंगळा हाय."

पुन्हा फोटो, पुन्हा फी. बोट तर गेलीच. शिवशरणनं तार केली. तिकडच्या साहेबानं महिनाभराची बिनपगारी रजा दिली. एक दिवस वर झाला तर येऊच नका म्हणून कळवलं.

मी हरणारी नव्हे. चूक माझी, तर फीसुद्धा माझी. हातातला एक सोन्याचा बिलवर काढून दिला आणि नवा नवस बोलले, या वेळी अख्ख्या भावाच्या तुलेचा. काळजीनं तो वाळू नये म्हणून महिनाभर रोज शेंगापोळी आणि वर तूप वाढलं.

पासपोर्ट आला, तो मी लांबूनच ओवाळला. मग शिवशरणला वखारीच्या काट्यावर बसवलं. दोन मण नऊ शेर.

"अक्का, उतरू का?" त्यानं विचारलं.

"आता उतरून काय उपयोग?" हे म्हणाले.

त्यानं बोट गाठली. माझ्या दुसऱ्या बिलवराचा गूळ झाला.

तर बायांनो, तुमचंही कुणी परमुलखात असेल, तर माझ्यासारखा नवस जरूर बोला. देव ऐकतो. फक्त भावाचं वजन, तो तुमच्या हातचं जेवायला बसण्याआधी करून ठेवा.