वाऱ्याचे चार तास

कला धडधाकट असते तोवर तिची विचारपूस कोणी करत नाही. ती अंथरुणाला खिळली की मात्र तिच्या उशाशी कॅमेरा हवाच. ही सामाजिक जबाबदारी आमच्या मेहुण्यांनी स्वखुशीने पत्करली. त्याआधी ते नळजोडणी खात्यात होते. तिथे बारा वर्षं लोक पाण्यासाठी त्यांच्या टेबलापुढे ताटकळले, तेव्हा वाळवंटाचा त्यांना अनुभव नव्हता असं म्हणता येणार नाही.

वाळवंटी कलामहोत्सवांचा माहितीपटकार होण्यासाठी लागणारी पात्रता अशी: आठवडाभराची दाढी (रोज कातरून आठवडाभराचीच राखलेली), बावीस खिशांचं जाकीट (एकवीस रिकामे, एकात चष्म्याची डबी) आणि क्षितिजाकडे बघत वाक्य अर्धवट सोडण्याची सवय. कॅमेरा भाड्यानं मिळतो. आवाज टिपायला मात्र विश्वासू माणूस लागतो, आणि निवृत्त माणूस विश्वासू असतो अशी माझ्या सासुरवाडीची समजूत आहे. त्यामुळे लांब काठीला बांधलेला माइक माझ्या हाती आला. बायको म्हणाली, "जा हो, घरी बसून तरी काय दिवे लावताय!"

महोत्सव भव्य होता. एकूण उपस्थिती: माहितीपटकार एकेचाळीस, परिसंवादाचे वक्ते सव्वीस, कलावंत एक. हे प्रमाण मेहुण्यांना आदर्श वाटलं, कारण कलावंत वाढले की चौकटीत गर्दी होते.

हा एकुलता एक कलावंत म्हणजे सत्तरी ओलांडलेले गायक. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांच्याकडे दोन तारांचं वाद्य, एक मुलगी आणि पाऊण तासाचं एक गाणं होतं. ते पूर्ण येणारा दुसरा माणूस उरला नव्हता. मुलीला निम्मंच येत होतं.

"छाती आता साथ देत नाही," बाबा आल्या आल्या म्हणाले. "पुन्हा गाता येईल की नाही, सांगवत नाही. एकदा शेवटपर्यंत घ्याल ना? पोरगी ऐकून ऐकून पाठ करेल."

"बाबा, तुम्ही अगदी निश्चिंत..." मेहुणे म्हणाले आणि क्षितिजाकडे बघू लागले.

कामाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. प्रथम बाबांचं टेकडीवरून एकट्यानं उतरणं घेतलं. ते अकरा वेळा घ्यावं लागलं, कारण वाळूत आधीच्या खेपेची पावलं दिसत आणि बाबा पुरेसे एकाकी वाटत नसत. (दर वेळी वाळू सारखी करण्याचं काम मुलीनं केलं. झाडूही तिचाच.) मग बोटं, मग टाचांच्या भेगा, मग सुरकुत्या. तोवर मला दूर बसवून सलग चार तास वारा टिपायला सांगितलं होतं. त्याला वाळवंटाचा श्वास म्हणतात.

"अहो, पण गाणं?" मी विचारलं.

"भाऊजी, गाणं कोणीही टिपेल," मेहुणे म्हणाले. "मौन टिपायला नजर लागते."

ऊन कललं तेव्हा बाबा गायला बसले. मुलीनं आपला फोन काढला; पण फोनमुळे परंपरेला बाधा येते म्हणून मेहुण्यांनी तो जाकिटात जमा करून घेतला (आता रिकामे खिसे वीस). कॅमेऱ्याचं तोंड सूर्यास्ताकडे होतं. बाबांनी डोळे मिटून सूर लावला आणि अकराव्या सेकंदाला माझं आवाज टिपायचं यंत्र थांबलं. ते चार तासांच्या वाऱ्यानंच भरलं होतं.

मी हात हलवला. मेहुणे त्या वेळी दुसऱ्या माहितीपटकाराला 'ऐकण्याची कला' या विषयावर मुलाखत देत होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी आयुष्यभर नोकरी केलेला माणूस; वरून गप्प बसायला सांगितलं की मी गप्प बसतो. बाबांना वाईट वाटू नये म्हणून बंद माइक पाऊण तास नीट धरून उभा राहिलो. ते घामाघूम होईपर्यंत गायले.

"आलं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्याची लाज मला अजून वाटते.

माहितीपट बावन्न मिनिटांचा झाला. त्यात गाणं अकरा सेकंद, आणि त्यावरही मेहुण्यांचं निवेदन: "ही कला आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे." माहिती बिनचूक होती. सात पारितोषिकं मिळाली. प्रेक्षकांनी डोळे पुसत उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि प्रश्न विचारले: कॅमेरा कोणता? ऊन सोसलं का? जाकीट कुठं शिवलं?

बाबा त्याआधीच गेले होते. मुलगी सभागृहाबाहेर माझ्यापाशी आली. "काका, ते पूर्ण गाणं तुमच्याकडे असेल ना?"

मी तिला जे होतं ते दिलं, म्हणजे चार तास वारा. तिनं तो सगळा ऐकला. दुसऱ्या तासात एकदा बाबा लांबून खोकतात, तेवढं तिनं वेगळं काढून ठेवलंय.

ते गाणं कशाबद्दल होतं, हे त्या सभागृहात एकानंही विचारलं नाही. तुम्हाला त्यांचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. पण दाढी, खिसे, टाचांच्या भेगा हे सगळं तुम्हीही चवीनं वाचत इथवर आलात, आणि तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही.