टॉवरवाली आणि आमचा नळ

मी जळकी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. शेजारणीने नवा फ्रीज घेतला तेव्हा मी तो आतून-बाहेरून पाहून मनापासून कौतुक केलं, आणि घरी येऊन आमच्या फ्रीजचं दार फक्त एकदाच आपटलं. त्यामुळे आमच्या ह्यांनी घरात विमान बांधायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, खुशाल बांधा! दुसऱ्यांचे नवरे कुठे कुठे भटकतात, आपला निदान मागच्या खोलीत तर सापडेल!

मागची खोली माझी शिलाईची. माझं मशीन पॅसेजमध्ये गेलं आणि खोलीत विमानाचं नाक शिरलं. अख्खं विमान नव्हे हो, फक्त वैमानिक बसतात तेवढा पुढचा भाग. पण हुबेहूब! हे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात. दिवसभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायची आणि घरी आलं की प्लायवूड कापायचं, वायरी जोडायच्या. डोक्यावरच्या फळीत इतकी बटणं बसवली, की मान आखडली आणि बरेच दिवस हे छताकडे बघत जेवले.

समोर काचेच्या जागी मोठे स्क्रीन, दोन सुकाणू, दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, म्हणजे हे. उजवी खुर्ची सहवैमानिकाची, रिकामी. मी वाट बघत होते, कधी म्हणतात, ये, बस.

"अगं," एके दिवशी हे म्हणाले. मी केस सारखे केले. "त्या खुर्चीवर वाळलेले कपडे टाकत जाऊ नकोस."

बरं! तेही गिळलं. पण मग विमान उडायला लागलं, आणि ती आली.

इंटरनेटवर म्हणे अशा घरबसल्या वैमानिकांचा गट असतो. सगळे एकाच खोट्या आकाशात उडतात, आणि गटातलंच कोणी टॉवरवर बसून त्यांना रस्ता दाखवतं. ह्यांच्या टॉवरवर एक बाई! आवाज असा, जशी नवी कात्री रेशमातून चालावी. "गरुड सहा, डावीकडे वळा." गरुड सहा म्हणजे आमचे हे. घरात झुरळ निघालं की स्टुलावर चढणारे!

त्यात या मंडळींचा नियम असा, की टॉवर जे सांगेल ते वैमानिकाने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचं. म्हणजे नीट ऐकलं याची खात्री.

"डावीकडे वळतो, गरुड सहा!"

"वेग कमी करा, गरुड सहा."

"वेग कमी करतो, गरुड सहा!"

काय तो आज्ञाधारकपणा! पॅसेजमध्ये मी एका गृहस्थाची पँट आखूड करत होते. ऐकता ऐकता ती गुडघ्यापर्यंत आली.

इकडे आमच्या बाथरूमचा नळ गळत होता. "अहो, नळ गळतोय." "हं." "वायसर बदलायला हवा." "हं." एवढी बटणं बसवणाऱ्या माणसाला एक वायसर बदलता येत नव्हता! मी नळाखाली टॉवेल अंथरायचे, पिळायचे, पुन्हा अंथरायचे.

एका रविवारी दुपारी तो टॉवेल म्हशीएवढा जड झाला आणि माझं डोकं फिरलं. तशीच तो घेऊन विमानात घुसले. हे उतरायच्या तयारीत होते.

"हे घ्या!" मी टॉवेल उजव्या सुकाणूवर टाकला. "वाळू दे इथेच!"

"अगं, विमान उतरतंय!"

"उतरू दे! मी जन्मभर नळ-नळ करतेय, आणि मला मिळतो 'हं'! ती म्हणाली वळा, की वळले! ती म्हणाली खाली या, की आले खाली! एकदा तरी माझं बोलणं असं परत म्हणून दाखवलंत?"

"थांब जरा! टॉवर बोलतच नाहीये..."

"रुसली असेल! काढा समजूत!"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा हा चेहरा इतका पांढरा झाला नव्हता! मी तेही बोलून दाखवलं. झुरळाचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. मी उचलला.

"वहिनी, नमस्कार. मी चातक नऊ. तुमचं सगळं पटलं मला. पण सुकाणूवरचं बोलायचं बटण दाबलं गेलंय बहुतेक. तुम्ही बोलत असेपर्यंत दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. आम्ही सगळे वर घिरट्या घालतोय, माझं इंधन संपत आलंय!"

मी टॉवेलकडे पाहिलं. टॉवेलने त्याचं काम चोख केलं होतं.

तो उचलताच सगळं आकाश एकदम बोलू लागलं. मग तो रेशमी आवाज आला. सगळे चिडीचूप.

"गरुड सहा, उतरायची परवानगी नाही. आधी बाथरूमचा नळ दुरुस्त करा."

"आधी बाथरूमचा नळ दुरुस्त करतो, गरुड सहा."

आणि उठले हो! विमान आपोआप घिरट्या घालायला लावलं, पाना घेतला, वायसर बदलला. नळ असा गप्प झाला, जसं काही कधी तोंड उघडलंच नव्हतं. ह्यांनी परत येऊन तसं कळवलं, तेव्हा चातक नऊने टाळ्या वाजवल्या.

मी बटण दाबून म्हटलं, "ताई, आभारी आहे."

"आभार कसले!" ती हसली. "मी टॉवरवर का बसते असं वाटतं तुम्हाला? माझ्या घरी तरी कोण ऐकतंय!"

म्हणजे बाई चांगलीच निघाली! आता तिचा धड रागही करता येईना.

नळ गळायचा थांबला, पण माझ्या पोटात काहीतरी ठिबकू लागलं. मी किती वेळा सांगितलं होतं? आणि तिने? एकदा! रोज तोंड धुताना तो नळ मला टकामका बघायचा.

शेवटी मी पाना घेतला, नळाची मान थोडी पिरगाळली. ठिबक, ठिबक. मग जाऊन थेट उजव्या खुर्चीत बसले, हेडफोन चढवला. बोलायचं बटण मात्र दाबलं नाही. हे आमच्या दोघांतलं होतं.

"गरुड सहा, बाथरूमचा नळ गळतोय. दुरुस्त करा."

हे दचकले. पाठ ताठ झाली.

"बाथरूमचा नळ गळतोय, दुरुस्त करतो, गरुड सहा!"

शब्दन् शब्द! माझ्या अंगावर काटा आला हो.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. नळ गळतोच आहे. मीच सैल केलेला, आणि मला काही तो परत आवळता येत नाही. खाली बादली लावलीय.

पण ह्यांनी म्हटलं किती स्पष्ट!