खालच्या बटणाचा दोरा

परिपत्रकसाहेब शिंकले तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हीच काय ती त्यातली वाईट गोष्ट. कुणी असतं तर त्यांना लगेच कबूल करावं लागलं असतं.

गुन्ह्यांच्या तपासासाठी असलेल्या सरकारी प्रयोगशाळेत, डीएनए विभागात, साहेबांची एकवीस वर्षं झाली होती. हातमोजे कसे घालावेत, कसे काढावेत, काढलेले कुठे टाकावेत, या प्रत्येक गोष्टीचं परिपत्रक त्यांनी स्वतः लिहून भिंतीवर लावलं होतं. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. मास्क नाकाखाली घेतला म्हणून एका सहकाऱ्याकडून त्यांनी एकदा लेखी खुलासा मागवला होता. आणि त्या दिवशी सकाळी, चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून, अगदी अर्ध्या मिनिटापुरता, त्यांनी आपला मास्क नाकाखाली ओढला. नाकाने तेवढ्यात डाव साधला.

समोर टेबलावर एक कोट पसरलेला होता. औषधांच्या एका गोदामात भरदुपारी कुणीतरी तिथल्या म्हाताऱ्या भांडारपालाला ढकललं होतं. म्हाताऱ्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं आणि तो अजून रुग्णालयात बेशुद्ध होता. ढकलणारा मागच्या कुंपणावरून पळाला, पण त्याच्या कोटाचा घेर तारेत अडकला. कोट तिथेच टाकून तो निसटला. कोट उलटा लोंबत राहिला तो नेमका खालच्या पिंपात, ब्लिचिंगच्या पाण्यात. कॉलर, बाह्या, खिसे, सगळं त्यात भिजलं, आणि ब्लिचिंगच्या पाण्यात डीएनए टिकत नाही. कोरडं राहिलं होतं ते खालचं शेवटचं बटण. त्याच बटणाखालचा दोरा साहेब कापत होते.

शिंक आली की काय करायचं, याचाही फॉर्म होता. तो साहेबांनीच तयार केला होता. त्यांनी तो खणातून काढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत खणात ठेवला. ‘उडाला नसेल थेंब,’ ते मनाशी म्हणाले, आणि दोरा नळीत टाकला.

आठवड्याने अहवाल आला. दोऱ्यावर एका पुरुषाचा स्वच्छ, पूर्ण डीएनए मिळाला होता. कोठडीत असलेल्या ट्रकड्रायव्हरचा तो नव्हता. हा ड्रायव्हर त्या दिवशी सकाळी भांडारपालाशी भांडला होता, आणि त्याला पळताना पाहिलं असं गोदामाच्या मॅनेजरने सांगितलं होतं. प्रयोगशाळेतल्या लोकांचे नमुने यादीवर असत, म्हणजे कुणाचा चुकून मिसळला तर कळावं. त्या यादीतल्या कुणाशीही तो जुळला नाही. पण यादीत एक नाव नव्हतं. सगळ्यांचे नमुने साहेबांनी जातीने घेतले होते. त्यांचा घ्यायला नियमाप्रमाणे दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि त्यांच्या नियमांत बसेल असा दुसरा कुणी त्यांना आजवर सापडला नव्हता.

हा डीएनए आपलाच, अशी साहेबांची खात्री झाली. तरी एक समाधान होतं. निदान तो बिचारा ड्रायव्हर तरी सुटेल.

इन्स्पेक्टर अहवाल न्यायला आले. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि टेबलावर थाप मारली.

“वाटलंच मला! ड्रायव्हरला साथीदार होता!”

“साथीदार?” साहेबांचा आवाज चिरकला. “तसंच असेल असं नाही. एखादा भलताच माणूस...”

“भलताच माणूस बटणाला कशाला हात लावेल? आता बोलतं करतो त्याला.”

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरची बायको येऊन बसू लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकलतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी साहेब मान खाली घालून जात होते, तर ती उठून उभी राहिली.

“साहेब, पोलीस म्हणतात साथीदाराचं नाव सांग. नसलेल्या माणसाचं नाव कुठून आणायचं हो त्यांनी?”

साहेबांना नाव माहीत होतं. पगारपत्रकावरचं.

तिकडे इन्स्पेक्टरांनी गोदामातल्या चाळीस हमालांचे नमुने घ्यायचं फर्मान काढलं. गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि तुरुंगात टाकायचं, अशी आवई उठली आणि दोन हमाल घाबरून आपल्या गावी निघून गेले. पळाले म्हणजे काहीतरी नक्की काळंबेरं आहे, असं म्हणून इन्स्पेक्टर त्यांच्या मागावर गेले. एका शिंकेपायी तीन माणसं गोत्यात आली होती.

घरी साहेब घास चिवडत बसले. बायकोने दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताटच ओढून घेतलं.

“काय झालंय ते आधी सांगा.”

साहेबांनी सांगितलं.

“शिंकलात, एवढंच ना?”

“एवढंच? अगं, माझी नोकरी...”

“त्या बाईच्या नवऱ्याला कोठडीत ठेवून कसली नोकरी करताय? उद्या सकाळी जाऊन सांगून या. आणि हे घ्या, जेवा.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी संचालकबाईंच्या टेबलावर तीन कागद ठेवले: शिंकेचा फॉर्म, माफीनामा आणि स्वतःला द्यायच्या कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा. बाईंनी तिन्ही वाचले. मग हातमोजे चढवले आणि साहेबांच्या गालाच्या आतून स्वतः कापूस फिरवला.

दोन दिवसांनी त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं.

“दोऱ्यावरचा डीएनए तुमचा नाही.”

साहेब खुर्चीत बसले. न विचारता बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. “पण बाई, मी खरंच शिंकलो होतो.”

“असाल. दोऱ्यावर त्याचा काही पुरावा नाही. नोटीस मिळेल तुम्हाला, फॉर्म दडवल्याबद्दल.” बाईंनी चष्मा काढला. “पण गोष्ट इथे संपत नाही. वडिलांकडून मुलाकडे जो भाग जसाच्या तसा जातो, तो तुमचा आणि या माणसाचा तंतोतंत एक आहे. बाकीचंही बरंच जुळतंय. तुम्हाला सख्खा भाऊ आहे?”

वडील केव्हाच गेले होते आणि साहेबांना मुलीच होत्या. भाऊ मात्र होता. मोठा. शिंपी होता. वडिलांमागे शाळा सोडून तो मशीनवर बसला, आणि साहेब विज्ञान शिकले ते त्या मशीनवर.

“या प्रकरणातून तुम्ही आता बाहेर,” बाई म्हणाल्या. “इन्स्पेक्टर परत येईपर्यंत भावाला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. नियम तुम्हाला मी सांगायला नको.”

इन्स्पेक्टर हमालांना शोधून परतायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत साहेबांनी भावाचं सगळं आयुष्य तपासून काढलं. मागच्या महिन्यात दादा जरा कमी बोलत होता का? गोदामाचा रस्ता त्याच्या दुकानावरूनच जातो ना? दादाने माणसाला ढकललं असेल, हे मनाला पटत नव्हतं. पण अहवाल त्यांच्याच विभागाचा होता, आणि आपल्या विभागाचा अहवाल चुकतो असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. एकदा फोन उचलला, पाच आकडे फिरवले आणि खाली ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर त्यांना घेऊनच दुकानात गेले, ओळख पटवायला. पुढे एक शिपाई, मागे एक, आणि मध्ये पांढरेफटक पडलेले साहेब. दादा मशीनवरून उठला. ओठांत दोरा तसाच. त्याने दोन्ही शिपायांकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे.

इन्स्पेक्टरांनी कोटाचा फोटो पुढे धरला. “हा कोट...”

“माझा आहे,” दादा म्हणाला. “माझ्या भावाचा काही संबंध नाही. कोट माझा.”

साहेबांनी दाराची चौकट धरली. इन्स्पेक्टरांनी शिपायाला खूण केली. पण दादाने तोवर फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला होता.

“अरेच्चा! माझाच की हा. म्हणजे मी शिवलेला.” त्याने ओठांतला दोरा बोटांनी पिळून सुईत ओवला. “बटण बघा. दोऱ्याचे चार वेढे घेऊन मान बांधलेली. तयार कपड्यांत असं कुणी करत नाही आता.”

साहेब थुंकीने ओल्या झालेल्या त्या दोऱ्याकडे बघत राहिले. त्यांचं नुसतं बोट पुढे झालं. इन्स्पेक्टरांनी त्या बोटाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, आणि शिपायाला पुन्हा खूण केली, मागे हो म्हणून.

“पण मग कोट घालणाऱ्याचं काहीच कसं नाही त्या बटणावर?” त्यांनी विचारलं.

“खालचं बटण कोण लावतंय साहेब? मीच लावलं तेवढं.”

“आणि हा शिवला कुणासाठी?”

दादाने मापांची वही काढली आणि थुंकी लावून पानं उलटली. एरवी साहेबांनी यावर परिपत्रक काढलं असतं. “हे बघा. डावा खांदा उतरता, पोट पुढे, उजवी बाही पाऊण इंच लांब. आणि ही नेल्याची तारीख.” तारीख घटनेच्या दोन दिवस आधीची होती. “गोदामाचे मॅनेजर.”

ड्रायव्हरला पळताना पाहिलं असं सांगणारा तोच मॅनेजर. त्याच्या गाडीच्या सीटवर कोटाच्या अस्तराचे धागे मिळाले. गोदामात मुदत संपलेल्या औषधांवरच्या तारखा खरवडून नव्या छापल्या होत्या, ती शाई रसायन विभागाने ओळखली. भांडारपालाने हे पकडलं होतं, म्हणून त्याला ढकललं. पुढे म्हातारा शुद्धीवर आला आणि त्यानेही हेच सांगितलं. ड्रायव्हर सुटला. हमाल परत कामावर आले. साहेबांना नोटीस मिळाली, ती त्यांनी नियमाप्रमाणे पोच देऊन घेतली.

खटल्यात दादाची साक्ष झाली. दोघे भाऊ कोर्टातून चालत निघाले.

“दादा,” साहेब म्हणाले, “एक सांगायचंय. मला चार दिवस वाटत होतं की तूच...”

“मी काय?”

“तू ढकललंस त्याला.”

दादा थांबला. “मला विचारलं का नाहीस?”

“नियम होता.”

“हं.” दादा पुन्हा चालू लागला. “मला पण तसंच वाटलं होतं. तू शिपायांच्या मध्ये उभा, तोंड असं उतरलेलं. म्हटलं, याने काहीतरी करून ठेवलंय.”

“मग?”

“मग काय? त्या इन्स्पेक्टरने फोटो पुढे केला, मी म्हटलं कोट माझा. बघितला नंतर.”

परिपत्रकसाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती. दादाने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

“कडेनं चाल,” तो म्हणाला. “नियम आहे ना?”