मधुभाऊंचं धूरयंत्र

मधुभाऊ कोणाच्याही घरी गेले, की यजमानाच्या आधी त्याच्या गाडीला भेटतात. बॉनेटवर हात ठेवतात, पेट्रोलच्या झाकणाशी नाक नेतात, आणि मग आत येऊन चहा पिता पिता सांगतात, "गळून राह्यली बरं तुमची." नव्या माणसाला वाटतं, घराच्या स्लॅबबद्दल बोलताहेत.

अकोल्यात आमच्या शेजारीच राहतात. कॉलेजातले निवृत्त ग्रंथपाल. सारा जन्म दुसऱ्यांना गप्प बसवण्यात गेला. मग त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्याचं एक यंत्र केलं. डब्यात तेल, ते तापवायला तार, आणि हवा भरायला माशांच्या टाकीचा पंप. तेलाचा धूर नळीनं गाडीच्या पाइपांत सोडायचा. जिथून बाहेर येईल तिथं फट. "मानूस लपवते, धूर नाई लपवत," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

एकदा गल्लीत नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी धाप लागल्यासारखी चालत होती. "दोनच मिनिटं," म्हणत यांनी नळी घातली. झेंडूच्या माळांतून धूर निघू लागला, तसा नवरीच्या मामानं बादलीभर पाणी नवरदेवासकट गाडीवर ओतलं. चिरलेला पाइप सापडला, पण जेवायला कोणी थांबवलं नाही.

हसायचो आम्ही. पण या वेडाचं कारण अमरावतीला होतं.

तिथं त्यांची थोरली बहीण राहते, तिला ते 'बाई' म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच यांना वाढवलं. जन्म अमरावतीत काढून तिनं चिखलदरा पाहिला नव्हता. भाऊंनी जुनी मारुती घेतली आणि पहिल्यांदा तिलाच बसवलं. परतवाड्यापर्यंत गेले. तिथं तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. गाडीत पेट्रोलचा वास होता. घाट न चढताच माघारी आले.

त्यानंतर मधुभाऊंनी हेका धरला, की वास घालवल्याशिवाय बहिणीच्या दारात पाय ठेवायचा नाही. मेकॅनिक म्हणाले, गळती नाही. म्हणून हे यंत्र. तेही आधी गावभरच्या गाड्यांवर, कारण "बाईच्या गाडीवर हात साफ नाई करत मी." बहिणीचा फोन आला, की उत्तर ठरलेलं, "गाडी झाली का येतो." भाऊबीज यायची, जायची. गाडी काही होत नव्हती.

यंदा थंडीत पेट्रोल भरायच्या पाइपाला केसाएवढी चीर सापडली. पाइप बदलून दुसऱ्याच दिवशी मला घेऊन निघाले. मूर्तिजापूर मागं पडलं, तरी वाटभर चिखलदऱ्याच्याच गोष्टी.

बाई दारात आल्या त्या वॉकर धरून. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. फोनवर त्यांनी ते सांगितलं नव्हतं. भाऊंचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "बाई, नुसती बसून तं पाह्य."

आम्ही दोघांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, भाऊ स्टिअरिंगशी बसले. त्यांनी लांब श्वास घेतला. "नाई रे येत वास," म्हणाल्या. भाऊ शाळेत पहिला नंबर आल्यासारखे हसले.

"पन मध्या, एवढे दिवस काहून नाई आला? दर भाऊबीजेले ताट करून बसो मी. एसटीनं आला असता तं काय झालं असतं?"

"तोंड कसं दाखवू, बाई? माह्या गाडीत तुले ओकाऱ्या झाल्या..."

"अरे, मले तं बैलगाडीतही ओकारी होये! लग्नात सासरी गेली, तं वाटभर ओकतच गेली. तू लहान होता, तुले काय ठाव."

मला भाऊंकडे पाहवेना. इतकं वाईट मला स्वतःसाठीही कधी वाटलं नाही.

मी बाजूला झालो. गाडी फाटकाशीच उभी होती, इंजिन बंद. भाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि विचारत होत्या, "सांग बरं आता, काय काय हाय चिखलदऱ्याले?"