जिभाऊंचं तिखट मशीन

आमच्या शेजारचे जिभाऊ गेम खेळायला बसले, की मला शिंका येतात.

यात अतिशयोक्ती नाही. त्यांची आणि माझी खिडकी समोरासमोर, मध्ये जेमतेम मोटारसायकल जाईल एवढी बोळ. त्यांच्या पडद्यावरचा पेंग्विन छोट्या गाडीतून शर्यतीला निघाला की कॉम्प्युटर तापतो, आतला पंखा भणभणायला लागतो आणि त्याच्या पोटातली मिरची बाहेर येते. अस्सल नंदुरबारी.

जिभाऊ एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते. गावाबाहेर पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, एक पत्र्याची खोली होती. तिथं जिभाऊ आणि तिथंच मिरचीची धूळ खाणारा कॉम्प्युटर. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले. शेठनं जिभाऊंना शाल-नारळ दिला आणि कॉम्प्युटर भंगारात काढला. जिभाऊंनी शाल खांद्यावर टाकली, नारळ पिशवीत टाकला आणि कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आले.

दुरुस्तीवाला म्हणाला, "याच्यावर आता काही चालायचं नाही काका, नवा घ्या."

"मीबी जुना, हाऊबी जुना," जिभाऊ भडकले. "आमले भंगारमा कोन टाकस ते दखस मी."

त्या रागातून विंडोजच्या जागी लिनक्स आलं. फुकटचं, हलकं आणि म्हाताऱ्या मशीनवर पळणारं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी ते स्वतः बसवलं. तेव्हापासून कुणी काही सुचवलं की एकच उत्तर: "मशीन मन्हं, कायदा मन्हा."

त्यांच्या नादानं मीही लिनक्स घेतलं. मी विज्ञानाचा शिक्षक, म्हटलं आपल्याला काय अवघड. काळ्या चौकटीत पासवर्ड टाकायचा होता. टाइप केला, एक अक्षर उमटेना. पुन्हा केला. कीबोर्ड बिघडला म्हणून बाजारात जाऊन नवा आणला. तरी तेच. शेवटी जिभाऊंना बोलावलं. लिनक्समध्ये तिथं पासवर्ड टाइप करताना दिसतच नाही, हे तेव्हा कळलं.

"सर, दिखत नही म्हनीसन नही शे का? देव दिखस का?"

दोन्ही कीबोर्ड अजून माझ्याकडे आहेत.

गेम दुपारी, संगीत सकाळी. भाचीच्या मुलाची टाकून दिलेली छोटी इलेक्ट्रॉनिक बाजाची पेटी त्यांनी वायरीनं कॉम्प्युटरला जोडली होती. सुरुवातीला पट्टी दाबली की सूर वरातीतल्या घोड्यासारखा रेंगाळत यायचा. जिभाऊंनी चार महिने सेटिंगशी भांडण केलं आणि घोडा बरोबर पळवला. त्यावर ते कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी वाजवून रेकॉर्ड करत. कानाला हेडफोन, दाराकडे पाठ, शेजारी माइक कायम चालू. एकदा मला कौतुकानं ऐकवलं. गाणं सुरेख होतं, फक्त दुसऱ्या कडव्यात मी शिंकलो होतो.

"अहो, ही काढून टाका ना."

"काढता येस. काढत नही," जिभाऊ म्हणाले.

जिभाऊंना स्वतःला शिंक येत नाही. सगळा जन्म मिरचीत गेला, नाकानं कधीच हार मानली.

श्रावणात कानबाई बसते तेव्हा खानदेशातली पांगलेली माणसं घरी परततात. यंदा त्यांचा मुलगा किशोर सुरतेहून आला तो नवाकोरा लॅपटॉप घेऊनच.

"आबा, हाई भंगार इकी टाका. सुरतले चाला आते. आठे एकला कसाले ऱ्हातस?"

"सुरतमा मन्हं काय शे?"

"मी शे ना."

"तू सकायले जास, रातले येस. हाई मशीन दिनभर मन्हासंगे ऱ्हास."

किशोर माझ्याकडे आला. "सर, येत नाहीत तर नाहीत, निदान त्यातली मिरची तरी काढू. त्या हवेत म्हातारा माणूस कसा राहणार?" मला पटलं. जिभाऊ कानबाईसाठी झेंडूची फुलं आणायला गेले होते. आम्ही गॅरेजवाल्याकडून हवा मारायचं मशीन आणलं आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. किशोर मागून हवा मारणार, मी समोर वाकून बघणार. हवा एका बाजूनं गेली की दुसऱ्या बाजूनं निघते, हे मी सातवीला दरवर्षी शिकवतो.

जिभाऊ परतले तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर बसून शिंकत होतो, डोळ्यांतून धारा.

"कोन मरनं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मग उघडा कॉम्प्युटर दिसला. त्यांनी पंख्याच्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. मला वाटलं, आता शिव्या. पण ते फुलं मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"आते मले कसं समजी?"

"काय आबा?"

"दारमा कोन ऊनं ते. कानवर हेडफोन ऱ्हास. कोनी ऊनं की शिंकस, पडदावर माइकनी हिरवी रेघ उडी मारस. मंग मी वळस."

किशोरनं हवेचं मशीन हळूच खाली ठेवलं. सुरतेचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. जाताना लॅपटॉप मात्र ठेवून गेला. जिभाऊंनी तो खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नाही. बाजाची पेटी बसायला उंचीला बरोबर होता, म्हणून तिच्याखाली सरकवला.

आठवड्यानं मी गेलो. दार उघडंच होतं. जिभाऊ पाठमोरे, कानाला हेडफोन, पेटीवर बोटं. पंखा भणभणत होता पण हवा अगदी नितळ. पडद्यावर हिरवी रेघ आडवी पडून होती. मी बराच वेळ दारात उभा राहिलो. मागून खांद्याला हात लावला तर दचकतील. हाक मारावी तर त्यांनी घरी येणाऱ्याला कधी हाक मारायला लावलीच नव्हती.

मी छाती भरून घेतली आणि जमेल तेवढ्या जोरात शिंकलो.

रेघेनं उडी मारली. जिभाऊंनी हेडफोन उतरवला, वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चहा ठेवायला उठले.

"शिंक खोटी शे, सर," जाता जाता म्हणाले. "पन चालस."