रंग धर गो बाय

दत्तारामदादा सावंत कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याच्या शर्टाचं टोक पकडायचं, जिभेवर ओलं केलेलं बोट त्यावर घासायचं आणि बोटाकडे बघून निकाल द्यायचा: "रंग कच्चो!" आमच्या डॉक्टरांचा टाय त्यांनी असाच नापास केला. पुतणीच्या लग्नात भर मांडवात नवरदेवाचा फेटा चोळला. व्याह्यांनी बोलणंच टाकलं.

माणूस गिरणीच्या रंगखात्यातला. संपात गिरणी गेली आणि काही वर्षांनी दादा परळच्या आमच्या लॅबमध्ये काचा रंगवायला लागले. मी तिथे रिपोर्ट टाइप करायचो आणि काउंटरवर द्यायचो.

स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा. पेशींत ठरावीक प्रथिन असलं की काच तपकिरी होते. ते पॉझिटिव्ह, गोळ्या लागू पडतात, बाई बहुधा तरते. काच कोरी राहिली तर निगेटिव्ह, मग केमोची इंजेक्शनं आणि पुढचं अवघड. दादा काचेला विनवत, "धर गो बाय, रंग धर." पॉझिटिव्ह ऐकून काउंटरवर कुणी रडायला लागलं की आतून धावत येत. "रडतंस कित्याक? रंग धरल्यान!"

एकदा त्यांनी एकाच गाठीच्या तीन काचा रंगवल्या. महागडं रसायन वाया गेलं म्हणून डॉक्टर ओरडले. मी म्हणालो, "दादा, साडी आहे काय ती?" दादा हसले नाहीत.

दोन दिवसांनी ते जेवायला गेले असताना एक बाई रिपोर्ट न्यायला आल्या. आडनाव सावंत. लालबाग-परळात सावंत पैशाला पासरी.

"भाऊ, वाईट तर नाही ना?"

आजवर हे मी कुणाला बोललो नाही. निगेटिव्हचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. रोज टाइप करत होतो. पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. म्हणालो, "निगेटिव्ह आहे, ताई. सुटलात."

दुसऱ्या दिवशी दादांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "बायलेन चाळभर वाटल्यान. काउंटरवरच्या भाऊन सांगल्यान म्हणे, सुटलात. आता इंजेक्शना नको म्हणता."

मी पेढा टेबलावर ठेवला. "दादा, त्या... तुमच्या?"

"माझीच."

"मी येतो. मी सांगतो त्यांना खरं."

"नको. कितक्या दिवसांनी हसली ती. आजचो दिस हसांदे. उद्या मीच सांगतंय."

त्यांनी सांगितलं. इंजेक्शनं झाली. पुढचा गणपती वहिनींनी पाहिला, त्याच्या पुढचा नाही.

बाराव्याला गेलो तेव्हा अंगात नवा निळा शर्ट होता. दादांनी डोळे पुसले आणि त्याच ओल्या बोटाने माझ्या शर्टाचं टोक घासलं.

"पक्को आसा," म्हणाले.

त्यांचं बोट निळं झालं होतं.